मॅन ओ वॉरचा एकमेव पराभव (१९१९) : ऐतिहासिक कारणमीमांसेच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासात 'काय घडले?' या प्रश्नापेक्षा 'का घडले?' या प्रश्नाचे उत्तर देणे अधिक कठीण असते. घडलेली घटना सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध असेल, तर ही अडचण आणखी वाढते. अशा वेळी समाज बहुधा दोनपैकी एका उत्तराचा आश्रय घेतो. एक तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असे म्हणून विषय संपवला जातो, किंवा त्यामागे कोणाचे तरी कारस्थान असले पाहिजे असे मानले जाते. ही दोन्ही उत्तरे कारणांचा शोध थांबवतात. अमेरिकेच्या अश्वशर्यतींच्या इतिहासातील एका प्रसिद्ध पराभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी

मॅन ओ वॉर या घोड्याचा जन्म २९ मार्च १९१७ रोजी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनजवळ, ऑगस्ट बेलमाँट (कनिष्ठ) यांच्या अश्वपैदास केंद्रात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात बेलमाँट लष्करी सेवेत गेल्यामुळे १९१८ मध्ये त्यांनी आपली शिंगरे विक्रीस काढली. न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा येथील लिलावात सॅम्युअल रिडल यांनी हे शिंगरू ५,००० डॉलरना विकत घेतले. लुई फ्यूस्टेल हे त्याचे प्रशिक्षक होते व १९१९ च्या हंगामात जॉनी लॉफ्टस हे त्याचे जॉकी होते. त्याच वर्षी लॉफ्टस यांनी सर बार्टन या घोड्यावर केंटकी डर्बी, प्रीकनेस व बेलमाँट या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या होत्या. म्हणजेच घोडा आणि स्वार दोघेही यशाच्या शिखरावर होते.

६ जून १९१९ पासून मॅन ओ वॉरने सलग सहा शर्यती जिंकल्या. १३ ऑगस्ट रोजी सॅराटोगा येथे सहा फर्लांगांची सॅनफर्ड मेमोरियल ही शर्यत झाली. तीत सात घोडे होते. मॅन ओ वॉरचा भाव ११-२० होता, म्हणजे वीस डॉलर लावणाऱ्यास जिंकल्यावर केवळ अकरा डॉलर नफा मिळणार होता. हॅरी पेन व्हिटनी यांच्या 'अपसेट' या घोड्याचा भाव आठास एक होता. प्रत्यक्षात विली नॅप यांनी हाकलेला अपसेट पहिला आला. मॅन ओ वॉर सुमारे अर्ध्या लांबीने मागे, दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्याच्या एकवीस शर्यतींच्या कारकिर्दीतील हा एकमेव पराभव होय.

'अनपेक्षित' या शब्दाचा अर्थ

कारणांकडे वळण्यापूर्वी अपेक्षेचे मोजमाप करणे आवश्यक आहे. ११-२० या भावाचे गणित मांडल्यास विजयाची शक्यता एकतीसात वीस, म्हणजे शेकडा सुमारे ६५ इतकी येते. बुकमेकर आपला नफा राखूनच भाव देतो, हे ध्यानात घेता तीही किंचित फुगवलेलीच म्हणावी लागेल. याचा अर्थ असा की, त्या दिवसाच्या बाजारानेच पराभवाची शक्यता तीनात एक इतकी धरली होती. नंतरच्या काळात हा पराभव 'अशक्य' वाटू लागला, कारण मॅन ओ वॉरचे पुढील चौदाही विजय लोकांच्या दृष्टीसमोर होते. १९२० ची बेलमाँट शर्यत त्याने वीस लांबींनी जिंकली, ही गोष्ट १३ ऑगस्ट १९१९ रोजी कोणासही ठाऊक असणे शक्य नव्हते. उत्तरकालीन कीर्ती पूर्वकालीन घटनेवर लादण्याचा हा दोष इतिहासलेखनात वारंवार आढळतो.

कारणांचे विवेचन

१) वजनातील तफावत : पूर्वीच्या विजयांमुळे मॅन ओ वॉरला १३० पौंड वजन वाहावे लागले, तर अपसेटवर ११५ पौंड होते. हा पंधरा पौंडांचा फरक दोन वर्षांच्या घोड्यांसाठी मोठा होता. परंतु केवळ या कारणाने पराभवाचा उलगडा होत नाही. २ ऑगस्ट रोजी त्याच मैदानावर, तेवढ्याच अंतरात, १३० पौंड वाहूनच मॅन ओ वॉरने अपसेटला दोन लांबींनी हरवले होते. २३ ऑगस्टच्या ग्रँड युनियन हॉटेल शर्यतीतही त्याने १३० पौंड वाहून अपसेटला मागे टाकले. तिन्ही वेळा मैदान, पल्ला, स्वार आणि मॅन ओ वॉरवरील वजन समान होते. जे कारण विजयाच्या वेळीही उपस्थित होते, ते एकटेच पराभवाचे कारण ठरू शकत नाही.

२) सदोष प्रारंभ : त्या काळी आजच्यासारखे यांत्रिक स्टार्टिंग गेट नव्हते. घोडे आडव्या ताणलेल्या पट्टीमागे उभे राहत आणि स्टार्टरच्या इशाऱ्यानुसार पट्टी वर जाई. त्या दिवशी नेहमीचे स्टार्टर मार्स कॅसिडी अनुपस्थित होते व त्यांच्या जागी चार्ल्स पेटिंगिल काम पाहत होते. अनेक फसव्या प्रारंभांनंतर शर्यत सुटली तेव्हा मॅन ओ वॉर धावण्यास सज्ज नव्हता. त्याचे नेमके किती नुकसान झाले याविषयी वृत्तांतांमध्ये एकवाक्यता नाही. तो शर्यतीच्या दिशेकडे पाठ करून उभा होता, असेही पुढे सांगितले जाऊ लागले. कथन जितके उत्तरकालीन, तितका प्रारंभाचा दोष मोठा होत जाण्याकडे कल दिसतो. मात्र त्याने वेळ गमावला, हा सर्वांचा समान भाग ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

३) कोंडी आणि स्वाराचा निर्णय : उशिरा निघालेल्या घोड्यापुढे गोल्डन ब्रूम आतील कुंपणालगत होता व त्याच्या शेजारी अपसेट होता. लॉफ्टस यांनी आतील बाजूने वाट मिळेल या अपेक्षेने काही काळ वाट पाहिली. ती मिळाली नाही, तेव्हा बाहेरून वळसा घालावा लागला. नॅप यांनी पुढे अनेक वर्षांनी असे सांगितले की, आपण थोडी जरी जागा दिली असती तरी मॅन ओ वॉर जिंकला असता. सहा फर्लांगांच्या लहान पल्ल्यात झालेली चूक भरून काढण्यास अवधी नसतो. दीर्घ पल्ल्यात हीच कोंडी कदाचित निर्णायक ठरली नसती.

या तीन कारणांची उतरंड लावणे शक्य आहे. वजनाने मॅन ओ वॉरच्या श्रेष्ठत्वाची राखीव शिल्लक कमी केली, प्रारंभाने ती जवळजवळ संपवली आणि कोंडीमुळे उरलेला अवधीही गेला. पराभव अर्ध्या लांबीचा होता, म्हणून यांपैकी एक कारण वगळले तरी निकाल पालटला असता, असे अनुमान करता येते.

संशय आणि शिक्षा

पराभवानंतर कारस्थानाची चर्चा झाली, यात नवल नाही. जुगारविरोधी कायद्यांमुळे १९११ व १९१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शर्यती बंद राहिल्या होत्या व हा व्यवसाय आपली प्रतिष्ठा सावरत होता. १९१९ च्याच ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या बेसबॉल खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे प्रकरण घडले व पुढील वर्षी ते उघडकीस आले. १९२० मध्ये जॉकी क्लबने लॉफ्टस व नॅप या दोघांनाही स्वारीचा परवाना नाकारला. कारण जाहीर करण्यात आले नाही. सॅनफर्ड शर्यतीत गैरप्रकार झाल्याचे कधीही सिद्ध झाले नाही, तरी लोकांनी परवाना आणि पराभव यांची सांगड घातली. दोघांनाही पुढे प्रशिक्षक म्हणून काम करावे लागले. कारणमीमांसा हा केवळ बौद्धिक व्यायाम नाही, हे येथे स्पष्ट होते. कारण न सांगता दिलेल्या शिक्षेतून संशय हाच पुरावा मानला जाऊ लागतो आणि त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

एका शब्दाची दंतकथा

इंग्रजीत अनपेक्षित पराभवास 'अपसेट' म्हणण्याची प्रथा याच शर्यतीपासून सुरू झाली, असे दीर्घकाळ सांगितले गेले. तथापि, २००२ मध्ये जॉर्ज थॉम्पसन या संशोधकाने न्यूयॉर्क टाइम्सच्या १८७७ मधील शर्यतविषयक मजकुरात हा शब्दप्रयोग दाखवून दिला. प्रथा आधीपासूनच होती, घोड्याचे नाव तिच्याशी जुळले इतकेच. येथे मात्र योगायोग खरोखरच होता आणि लोकांनी नेमके तेथेच कारण कल्पिले.

निष्कर्ष

इ. एच. कार यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट इज हिस्टरी?' या ग्रंथात एका मोटार अपघाताचे उदाहरण दिले आहे. मद्यप्राशन केलेला चालक, सदोष ब्रेक आणि अंध वळण ही कारणे इतरत्रही उपयोगी पडतात, परंतु मृत व्यक्ती सिगारेट आणण्यासाठी निघाली होती, हे कारण तसे उपयोगी पडत नाही. हा निकष लावल्यास पुढील निष्कर्ष निघतात :

१. श्रेष्ठत्व ही हमी नसून शक्यता आहे. समकालीन भावांतही ही जाणीव होती, उत्तरकालीन कथनात ती लोपली.

२. वजन, प्रारंभाची पद्धती व लहान पल्ला ही सामान्यीकरणास योग्य अशी कारणे आहेत. १३ ऑगस्टची विशिष्ट कोंडी हे प्रासंगिक कारण आहे. दोहोंच्या संयोगाशिवाय निकालाचे स्पष्टीकरण होत नाही.

३. ज्या शर्यती मॅन ओ वॉर जिंकला, त्यांच्याशी तुलना केल्यावाचून तो का हरला हे कळत नाही. पराभवाचा अभ्यास करणाऱ्याने विजयांची नोंदही तितक्याच काळजीने तपासली पाहिजे.