बुजवलेली विहीर आणि तांबडा पडदा

#थ्रेड

चित्राच्या सर्वांत वरच्या पट्टीत एक विहीर बुजवली जात आहे. आत आहे शुन. बुजवणारे आहेत त्याचा आंधळा बाप आणि सावत्र भाऊ. चिनी आख्यायिकेतला हा शुन वाचतो, पुढे सम्राट होतो आणि तरीही बापाची सेवा सोडत नाही. जवळच त्याच्या दोन राण्या उभ्या आहेत.

हे चित्र तांबड्या लॅकरने माखलेल्या लाकडी फळीवर आहे. १९६५ साली शान्सी प्रांतातील दातोंगजवळ सिमा जिनलोंग या सरदाराची कबर सापडली. तीत बैठकीमागे उभ्या करण्याच्या पडद्याच्या अशा फळ्या मिळाल्या. पाच बऱ्या अवस्थेत. प्रत्येक सुमारे ८० सेंमी उंच, २० सेंमी रुंद, दोन्ही बाजूंनी चितारलेली.

लॅकर म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते. चिनी लॅकर हा झाडाचा चीक. झाड बिब्ब्याच्या कुळातले, आणि चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उततो! तो उन्हात वाळवत नाहीत. उबदार, दमट हवेतच तो घट्ट होतो. मग मात्र पाण्याला दाद देत नाही.

आता मालकाविषयी. सिमा हे दक्षिणेतील जिन राजवंशाचे घराणे. सत्ता गेली तेव्हा जिनलोंगचा बाप उत्तरेकडे पळाला आणि श्यानबेई वंशाच्या उत्तर वेई राजांच्या आश्रयास गेला. परक्या दरबारात वाढलेल्या मुलाच्या कबरीत मात्र जुन्या चिनी सदाचाराच्या कथा निघाल्या. मला हा योगायोग वाटत नाही.

त्यांतील एक कथा बान या राजस्त्रीची. सम्राटाने पालखीत शेजारी बसण्यास बोलावले. तिने नकार दिला. थोर राजांच्या शेजारी मंत्री शोभतात, असे तिचे म्हणणे. हाच प्रसंग ब्रिटिश म्युझियममधील, गु खायजीच्या नावे प्रसिद्ध असलेल्या चित्रपटातही आहे: भोई पालखी वाहत आहेत, बान मागून चालते आहे. तो पट नक्कल मानला जातो आणि त्याच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. जिनलोंग मात्र इ.स. ४८४ मध्ये वारला, म्हणजे पडदा त्यानंतरचा असू शकत नाही. मूळ चित्रे नष्ट झालेल्या युगात अशी पक्की तारीख सौंदर्याहूनही मोलाची.

(त्याच शतकात इकडे अजिंठ्याच्या भिंती रंगत होत्या.)

२००२ साली चीनने परदेशी प्रदर्शनांस पाठवण्यास मनाई केलेल्या ६४ वस्तूंत हा पडदा आहे. पाहायचा तर शान्सीलाच जावे लागेल.