स्पोरनचा पट्टा : निवड आणि जुळणी
वॉटर्लूजवळच्या फर्गस येथे १९४६ साली सुरू झालेल्या स्कॉटिश महोत्सवात किल्ट नेसून जाणाऱ्यांनी स्पोरनचा पट्टा आधीच पारखून घ्यावा. किल्टला सहसा खिसे नसतात. त्यामुळे चंचीप्रमाणे कमरेला लावलेली ही थैलीच पाकीट-किल्ल्या सांभाळते. दिवसाच्या साध्या वेशास चामड्याचा, तर सायंकालीन समारंभास साखळीचा पट्टा रूढ आहे. मात्र साखळीच्या घर्षणाने लोकरी वस्त्र झिजते. नेहमीच्या वापरास चामडेच श्रेयस्कर. माप विजारीच्या आकड्यावरून न ठरवता किल्ट नेसून, त्यावरूनच घ्यावे. पट्टा मागील लूपांतून ओवावा आणि थैलीची वरची कड कमरपट्ट्याच्या बकलाखाली सुमारे चार बोटे राहील इतपत आवळावा. तो सैल राहिल्यास चालताना थैली मांड्यांवर आदळते.