तेरा दिवसांचा संयम

दोन बलाढ्य राष्ट्रे शस्त्रे उगारून समोरासमोर उभी ठाकली असता युद्ध कशामुळे टळते? या प्रश्नाचे बोलके उत्तर इतिहासात ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात सापडते.

त्या काळी अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्ध ऐन भरात होते. १९६१ साली अमेरिकेच्या पाठबळाने क्यूबावर झालेली स्वारी फसली होती. ती पुन्हा होईल, ही क्यूबाची भीती अनाठायी नव्हती. शिवाय सोव्हिएत संघाच्या शेजारी तुर्कस्तानात अमेरिकेची क्षेपणास्त्रे सज्ज होती. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी मग क्यूबात गुपचूप क्षेपणास्त्रे उभारण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हे बेट अवघे दीडशे किलोमीटर दूर!

१६ ऑक्टोबर रोजी टेहळणी विमानाने टिपलेली छायाचित्रे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यापुढे आली. सेनाधिकाऱ्यांचा आग्रह तत्काळ हवाई हल्ल्याचा होता. केनेडी यांनी तो मानला नाही. त्यांनी बेटाभोवती आरमारी नाकेबंदी केली आणि प्रतिपक्षास विचार करण्यास अवधी दिला. संयुक्त राष्ट्रसंघाचे हंगामी सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे ऊ थांट यांनीही उभय नेत्यांना संयमाचे आवाहन केले.

२७ ऑक्टोबरचा दिवस सर्वांत बिकट ठरला. क्यूबावर अमेरिकेचे एक विमान पाडले गेले व वैमानिक मृत्युमुखी पडला. त्याच सायंकाळी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांना भेटले. क्यूबावर आक्रमण न करण्याचे वचन अमेरिका उघडपणे देणार होती. तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काही महिन्यांत हलवण्याचे आश्वासन मात्र गुप्त राहायचे होते. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रेही हटली.

या तडजोडीचे मर्म येथेच आहे. प्रतिपक्षास नामोहरम न करता मानाने मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवणे, हीच खरी मुत्सद्देगिरी होय. व्यवहारातही जो सौदा एकाला पुरता नागवतो, तो टिकत नाही. मात्र ही देवाणघेवाण गुप्त राहिल्याने जगाने ती केवळ अमेरिकेची सरशी मानली. ख्रुश्चेव्ह यांच्या प्रतिष्ठेस धक्का बसला आणि १९६४ मध्ये त्यांना पदच्युत व्हावे लागले. त्यामागील कारणांत हेही एक होते. शांततेचेही मोल मोजावे लागते, ते असे.

दोन्ही राष्ट्रांनी या प्रसंगातून बोध घेतला. संकटकाळी परस्परांचे निरोप पोहोचण्यास कित्येक तास लागले होते. म्हणून जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांना जोडणारी थेट दूरमुद्रक यंत्रणा उभारण्याचा करार झाला. ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणात, अंतराळात व पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याच्या करारावर मॉस्को येथे स्वाक्षऱ्या झाल्या. पुढे १९८७ च्या करारान्वये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा एक संपूर्ण वर्गच नष्ट करण्यात आला.

तो १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला, हे विसरून चालणार नाही. शांतता एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. प्रत्येक पिढीस ती नव्याने जोडावी लागते. आणि तिचा आरंभ, शत्रूलाही काही गमवायचे आहे व काही जपायचे आहे, हे ओळखण्यातून होतो.