राजवाड्यांतून टोळीच्या अड्ड्यावर

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'ला मराठी वेष चढविण्याचे यत्न आमच्याकडे जुनेच आहेत. शिवराम महादेव परांजपे यांनीं त्याचा 'मानाजीराव' केला. शिरवाडकरांनीं १९५४ सालीं 'राजमुकुट' लिहिलें. या रूपांतरांत राजाची गोष्ट राजाचीच राहिली. चित्रपटकारांनीं मात्र राजाला सिंहासनावरून उतरवून गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या केलें. १९५५ सालीं केन ह्यूज यांनीं 'जो मॅक्बेथ' काढला, १९९० सालीं विल्यम रायली यांनीं 'मेन ऑफ रिस्पेक्ट'मध्यें हें कथानक न्यूयॉर्कच्या माफियांत नेलें, आणि २००३ सालीं विशाल भारद्वाज यांनीं 'मकबूल'मध्यें तें मुंबईंत आणलें.

अशा स्थलांतराची सोय उघड आहे. लोकशाहीच्या काळांत एका माणसाच्या मृत्यूनें सारी सत्ता पालटते असें ठिकाण टोळीवांचून दुसरें सांपडणें कठीण. रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकन टीकाकारानें तर १९४८ सालींच चित्रपटांतील गुंडाला शोकात्म नायकाच्या पंक्तीस बसविलें होतें. पण आम्हांस एक शंका नेहमीं छळीत असे. जेथें खून हा नित्याचा व्यवहार, तेथें आणखी एका खुनानें कोणाची झोंप कां उडावी?

मूळ नाटक पुन्हां वाचतां या शंकेचा जोर कमी झाला. मॅक्बेथ प्रथमपासूनच मारणारा आहे. रणांगणांत त्यानें शत्रूची जी चिरफाड केली तिची राजदरबारीं वाखाणणीच होते. त्याची झोंप उडते ती डंकनला मारल्यावर, कारण डंकन राजा आहे, आप्त आहे आणि त्या रात्रीं त्याच्याच घरीं आलेला पाहुणा आहे. तेव्हां प्रश्न किती मारले हा नसून कोणाला मारलें हा होय. 'मेन ऑफ रिस्पेक्ट'चें लक्ष याहून भविष्यवाणीच्या कोड्यांकडेच अधिक आहे. आकाशांतून तारे गळल्यावांचून नायकाला भय नाहीं, असें भाकीत त्यांत आहे. मग शोभेच्या दारूनें तारे गळतात! युक्ति खरी, पण अंगावर कांटा येत नाहीं.

'मकबूल'मध्यें तो येतो. पंकज कपूर यांचा अब्बाजी हा नुसता म्होरक्या नव्हे. मकबूलला त्यानेंच पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें आहे. तब्बू यांची निम्मी ही मकबूलची पत्नी नसून अब्बाजीची रखेली आहे. एवढ्या एका फेरफारानें स्वामिद्रोहाला पितृहत्येची छटा येते, आणि राज्यतृष्णा व वासना वेगळ्या काढतां येत नाहींत. तीन चेटकिणींच्या जागीं दोन पोलीस अंमलदार आहेत. ओम पुरी व नसिरुद्दीन शहा हे दोघे कुंडल्या मांडून भविष्य सांगतात आणि टोळ्यांचा तोल आपल्या हातीं राखतात. येथें दैवालाच सरकारी पगार मिळतो, ही कल्पना आम्हांस फार मार्मिक वाटली.

उणीव एकच, पण लहान नव्हे. नाटकाच्या शेवटीं डंकनचा पुत्र माल्कम गादीवर येतो आणि राज्याची जखम भरूं लागते. टोळीला असा न्याय्य वारस कोठून आणावा? भारद्वाज यांनीं तो प्रश्न सोडविला नाहीं. त्यांनीं दुसरेंच कांहीं केलें. निम्मीच्या मृत्यूनंतर तिच्या बाळाला न्यायला मकबूल इस्पितळांत येतो, हातांत पिस्तूल असतें. कांचेआड अब्बाजीची मुलगी आणि तिचा नियोजित वर गुड्डू त्या अर्भकाला मायेनें उराशीं धरून उभीं असतात. मकबूल क्षणभर पाहतो, पिस्तूल टाकून देतो आणि बाहेर पडतो. तेथें त्याला मारणारा उभा आहे.