बिनतारी यंत्र आणि परवाना

घरी रेडिओ आणला की पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1980 च्या दशकात ती पद्धत बंद झाली. ऐकणाऱ्याला परवाना नको झाला, पण बिनतारीवरून बोलणाऱ्याला तो आजही लागतो. असे का बरे?

1933 साली बिनतारी यंत्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून असे यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. परक्या सरकारला धास्ती होती लोकांच्या बोलण्याची. 1942 साली मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत टिकला. मग पोलिसांनी गाठले आणि उषाबेनना चार वर्षांची सजा झाली.

मग स्वराज्यात परवाना ठेवायचा कशाला? याचे उत्तर आपल्या नागपुरात सापडते. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. अशा काळोखात वैमानिकाला जमिनीवरून येणाऱ्या बिनतारी संदेशाचा केवढा आधार!

आता वर्गातला अनुभव घ्या. दोन मुले एकदम बोलली तर गुरुजींना एकाचेही धड कळत नाही. विमानांच्या बिनतारीचे तसेच आहे. एकाच लहरीवर दोघे बोलले की कानात नुसती शिट्टी ऐकू येते. शिवाय दहा हजार फुटांवरच्या विमानाला दोनशे किलोमीटरवरचा आवाजही पोहोचू शकतो. म्हणून विमानातल्या यंत्राला परवाना लागतो आणि त्यावर बोलणाऱ्यालाही परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. हौशी माणसाला स्वतः यंत्र बांधता येते, पण तेही परीक्षा देऊन, परवाना काढून आणि हौशी लोकांना नेमून दिलेल्या लहरींवरच. विमानांच्या लहरींवर त्याने जायचे नाही.

2023 साली संसदेने दूरसंचाराचा नवा कायदा केला. कायदे बदलतील, पण परवाना कोणाचे तोंड बंद करण्यासाठी आहे की कोणाचा जीव राखण्यासाठी, हे आपण प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. शिक्षकांनी मुलांकडून आकाशवाणी ऐकण्याचे छोटे यंत्र जरूर जोडून घ्यावे, आणि ते जोडताना हा इतिहासही सांगावा.