केसपेपरवरचा 'मजूर'

इटलीतल्या मोडेना शहरातले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्य रुग्णाला जे प्रश्न विचारत आले होते, त्यांत त्यांनी एकाची भर घातली: तू काम काय करतोस?

कर्करोगाच्या इतिहासात या प्रश्नाने मोठे काम केले. १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पोरवयात धुराड्यात उतरलेल्यांना हा रोग पुढे मोठेपणी गाठत असे. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन यांनी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग दाखवून दिला. दोघांनाही रोगाचे मूळ सापडले ते रुग्णाच्या कामात.

आपल्याकडचे केसपेपर मी पाहतो, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो: 'मजूर'. तंबाखूची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. पण अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा बिडी-सिगारेटही ओढत असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे तंबाखू सापडली म्हणून कामाची चौकशी थांबवता येत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आदेश दिला की, अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. पण ज्याचे नावच मस्टरवर नव्हते, त्याचे काय? आपल्या वस्त्यांतली किती माणसे ठेकेदाराकडे राबली. कधी रंगाईत, कधी वेल्डिंगला, कधी जहाजतोडणीला! त्यांच्याकडे ना पगारपत्रक, ना ओळखपत्र. त्यांच्या बाजूने साक्ष देणारा कागद एखादे वेळी फक्त केसपेपरच असतो. कामामुळे झालेल्या आजाराची भरपाई कायद्यात आहे, पण ती पुराव्याशिवाय मिळत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याआधी त्याच्यापाशी बसा. पहिल्या कामापासून विचारा: कुठे, किती वर्षे, हाताखाली काय असे, धूळ कसली, वास कसला. ते कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना केसपेपरवर नोंदवायला सांगा. अब्बांचे काम आपल्याला ठाऊकच आहे असे समजू नका. आपल्या जन्माआधीही ते राबतच होते.