बेटाचा किनारा कोठें आहे?

समुद्रशोभा पाहावयाची म्हणजे मुंबईकर गृहस्थ मुलांमाणसांसह रत्नागिरीस किंवा गोव्यास जातो. आपण स्वतः बेटावर राहतों हें त्याच्या ध्यानींही नसतें. म्हणून एका रविवारीं आम्हीं हेंच बेट बेट म्हणून पाहावयाचें ठरविलें आणि गिरगांवच्या चौपाटीपासून आरंभ केला.

आरंभींच अडचण आली. जुना किनारा कोठें होता हेंच सांगतां येईना. चर्नी रोडजवळ आगगाडीचे रूळ आहेत तेथें पूर्वीं भरतीचें पाणी येई. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला, त्या भरांत बॅक बे बुजविण्याकरितां एक कंपनी निघाली. १८६५ सालीं युद्ध संपलें, शेअरबाजार कोसळला, कंपनीही बुडाली. बुजविलेली अरुंद पट्टी तेवढी रेल्वेच्या उपयोगीं पडली. मरीन ड्राइव्ह तर त्याहूनही पुढचा, विसाव्या शतकांतला.

तेथून महालक्ष्मीस गेलों. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्यें पूर्वीं मोठें खिंडार होतें. भरतीचें पाणी त्यांतून शिरून बेटाच्या पोटांतील सखल जमीन बुडवीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, गव्हर्नर हॉर्नबीच्या नांवानें ओळखला जाणारा बांध तेथें झाला. बांध वारंवार ढांसळूं लागला, तेव्हां रामजी शिवजी नांवाच्या प्रभु गृहस्थास देवीनें स्वप्नांत दृष्टांत दिला, समुद्रांतून मूर्ति वर निघाल्या आणि मगच बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. समुद्राची जागा घेण्यापूर्वीं कोणाची तरी अनुज्ञा हवी असें त्या काळच्या लोकांस वाटलें, ही गोष्ट आम्हांस त्या बांधाहूनही मोठी वाटते.

परळास आतां समुद्र दिसत नाहीं. एके काळीं परळ हें निराळें बेट होतें, आणि वस्तीही जुनी. १९३१ सालीं येथें रस्ता करितांना सहाव्या शतकाच्या सुमाराची, पुरुषभर उंचीहून मोठी शिवमूर्ति सांपडली. घारापुरीच्या लेण्यांतील शिल्पाशीं तिचें नातें पाहणाऱ्यास सहज ओळखूं येतें.

सायंकाळीं वरळीच्या कोळीवाड्यांत आलों. २०२४ सालीं खुला झालेला सागरी किनारा मार्ग येथूनच समुद्रांत शिरतो. होड्या सुखरूप जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमध्यें अधिक अंतर ठेवा, असा आग्रह येथील कोळ्यांनीं धरला होता. पुष्कळ दिवसांच्या विरोधानंतर एके ठिकाणीं साठ मीटरांचे एकशेंवीस मीटर झाले. आम्ही उभे होतों तेव्हां एक होडी त्या दिशेनें निघाली होती.